दोन गोलकीपर आणि तुबलीचा हिवाळा

नोव्हेंबरच्या मध्यावर कधीतरी एका सकाळी लेथचं हँडल हाताला गार लागतं. उन्हाळ्याचे पाच-सहा महिने तेच हँडल फडक्यात धरावं लागतं, कारण पत्र्याच्या शेडमधलं लोखंड सकाळी सातलाच तापलेलं असतं. मग एक दिवस हात सवयीने खिशातलं फडकं शोधतो आणि लक्षात येतं, आज गरज नाही. मी मशीन सुरू करण्याआधी घटकाभर ते हँडल नुसतं धरून उभा राहतो. शेजारच्या मशीनवरची नवी मंडळी एकमेकांकडे बघतात. बघू देत. बहारीनमध्ये मला आता चौदावं वर्ष लागलंय, एवढा हक्क मी कमावलाय.

त्या दिवसापासून सगळंच थोडं सैल होतं. दोरीवरचे कपडे मऊ वाळतात. खाडीवरून येणारा वारा दमट, कुबट न राहता कोरडा होतो, आणि ओहोटीच्या चिखलाचा वास त्यात असला तरी तो छातीवर बसत नाही. दुपारची पाळी सुटली की वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या जमिनीवरून एक आवाज येतो. धप्. थोड्या वेळाने पुन्हा धप्. कुणीतरी चेंडू भिंतीवर मारून बघत असतं. हा आवाज ऐकला की मला ब्रॅमलीसाहेब आठवतात. त्यांच्यामागोमाग त्यांचे वडील आठवतात, ज्यांना मी कधी पाहिलं नाही, आणि तरी ज्यांच्याबद्दल मला माझ्या आजोबांपेक्षा जास्त माहिती आहे.

मी खेड तालुक्यातला. आमच्या गावात फुटबॉल कुणी पाहिलेला नव्हता. पाय ठेवायला सपाट जागा म्हणजे भाताची खाचरं, आणि भात कापल्यावर तिथे आम्ही कबड्डी खेळायचो. मी बरा खेळायचो. पकड चांगली होती. पुढे मुंबईत टर्नरचं काम शिकलो, आणि लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच एजंटाकडून इथली नोकरी लागली. तुबलीला एका कंत्राटदाराचं वर्कशॉप होतं. मोठ्या मशिनरीची दुरुस्ती चालायची. आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो. माझ्या शेजारच्या खाटेवर गुहागरचा दत्ताराम, ड्रायव्हर. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा होता आणि आपण इथे कशाला आलो हे त्याला एक क्षणही विसरता येत नसे.

ही गोष्ट घडली त्या हिवाळ्यात मला इथे तिसरं वर्ष होतं. वर्कशॉपची फुटबॉलची टीम होती. शुक्रवारी सुट्टी, शुक्रवारी सामने. आजूबाजूच्या गॅरेजांच्या, कंत्राटदारांच्या अशा आठ-दहा टीम आपसात खेळायच्या. आमच्या टीमचा कॅप्टन वर्गीस, स्टोअरचा क्लार्क, कोट्टयमकडचा. बारीक, उंच, कपाळावर कायम आठी. गोलकीपर होता एक गोव्याचा वेल्डर, फर्नांडिस. तो सुट्टीवर गावी गेला आणि व्हिसाच्या काही भानगडीत तिथेच अडकला. सामने पंधरा दिवसांवर आलेले.

एका सकाळी ब्रॅमलीसाहेब शेडमध्ये आले. ते वर्कशॉपचे सुपरिंटेंडेंट, यॉर्कशायरचे, साठीला टेकलेले. लालबुंद मान, पांढऱ्या भुवया, आणि असं इंग्रजी की त्यातलं निम्मं माझ्या पलीकडून निघून जायचं. ते एकेका मशीनपाशी थांबून कामगारांचे हात बघत होते. मला वाटलं, कुठल्यातरी तयार जॉबवर ओरखडा उठलाय आणि तो कुणाच्या हातून झाला ते शोधतायत. माझ्यापाशी आले. मी शाफ्ट फिरवत होतो. ते बराच वेळ उभे राहिले. मी मशीन बंद केल्यावर म्हणाले, "एवढा वेळ मी उभा आहे. तू एकदाही मान वर केली नाहीस."

"टूलवर नजर ठेवावी लागते, साहेब."

"तेच पाहिजे," ते म्हणाले. मग माझे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले आणि मागे उभ्या वर्गीसला सांगितलं, "हा तुझा गोलकीपर."

वर्गीसच्या कपाळावर आणखी एक आठी आली. "कभी खेला है?" त्याने मला विचारलं.

"नहीं."

"एक बार भी?"

"कबड्डी खेला है."

त्याने वर छताकडे बघितलं. पण साहेबांपुढे बोलणार कोण!

मैदान म्हणजे खाडीच्या कडेची सपाट, मिठाने पांढरी पडलेली जमीन. वरून पापुद्रा, खाली दगड. गोलचे खांब आम्हीच जुन्या पाइपांचे कापून, वेल्ड करून उभे केले होते. त्या हिवाळ्यातली संध्याकाळ माझ्या गुडघ्यांना अजून आठवते. रोज पाळी सुटली की साहेब मला त्या खांबांमध्ये उभं करायचे आणि स्वतः वीस पावलांवरून चेंडू मारायचे. जाडजूड बूट, खाकी अर्धी चड्डी, आणि नेम अचूक. मी हबकून बाजूला व्हायचो, किंवा कबड्डीतल्यासारखी झेप घालायचो आणि चेंडू डोक्यावरून जायचा. दगडांवर कोपरं सोलवटायची. आंघोळीला गेलो की खारट पाणी जखमांना झोंबायचं आणि दत्ताराम बाहेरून ओरडायचा, "अरं, आपण हितं कामाला आलो का हाडं मोडून घ्यायला? हात गेला तर कंपनी तिकीट काढून गावी पाठवील. बायकोला काय सांगशील, बॉल खेळत होतो म्हणून?"

त्याचं खरं होतं. टर्नरचे हात म्हणजे टर्नरचं सगळंच. पण मला त्या पाइपांच्या चौकटीत काहीतरी सापडत होतं, जे खोलीत नव्हतं आणि शेडमध्येही नव्हतं. इथे आल्यापासून मी फक्त सांगितलेलं करत होतो. ड्रॉइंगमध्ये असेल तेवढं कापायचं, घंटा झाली की जेवायचं. गोलमध्ये उभं राहिलं की काय करायचं ते कुणी सांगू शकत नाही. चेंडू येतो तेव्हा विचारायला वेळच नसतो.

साहेब शिकवताना सतत एकच सांगायचे. "हातांच्या मागे अंग ठेव. हात चुकतात. मागे छाती असेल, पोट असेल, गुडघा असेल, तर चुकला तरी चेंडू तुझ्यातच अडकेल. हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं, आणि त्यांना त्यांच्या चुकांनी."

असे त्यांचे वडील आमच्यात आले. विल ब्रॅमली. मला दुसऱ्याच्या वडिलांना एकेरी नावाने बोलायला जड जायचं, पण साहेब स्वतःच 'विल' म्हणायचे. सराव संपला की ते खांबाला टेकून बसायचे, तंबाखूचा पाइप पेटवायचे आणि विलच्या गोष्टी सांगायचे. वर्गीस जवळ असला तर मला न कळलेलं हिंदीत सांगायचा. हळूहळू त्याची गरज उरली नाही.

विल कोळशाच्या खाणीत काम करायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. खाणीच्या गावाची टीम होती, तिचा गोलकीपर एका शनिवारी तापाने फणफणला आणि कुणीतरी म्हणालं, तो लांब हातांचा विल आहे ना, त्याला उभा करा. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्या काळी गोलकीपरला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हातात घ्यायची मुभा होती. फक्त हातात धरून दोन पावलांहून जास्त चालायचं नाही. म्हणून विल चेंडू जमिनीवर आपटत आपटत थेट मैदानाच्या मध्यापर्यंत न्यायचा आणि तिथून लाथाडायचा. लोक खूश व्हायचे. पुढे नियम बदलला आणि त्याला त्याच्या चौकोनात परत पाठवण्यात आलं. साहेब म्हणायचे, "घरात माझी आई त्याला चिडवायची. म्हणायची, सरकारने तुला अंगणात कोंडलं."

त्या काळी गोलकीपरला खांद्याने धडक मारून चेंडूसकट गोलात ढकलणं हाही रीतसर खेळच होता. हातमोजे नाहीत. चेंडू चामड्याचा, वर वादीची शिवण, पावसात भिजला की धोंड्यासारखा जड. तो कपाळावर बसला तर वादीची खूण उठायची. विलची आई त्याला जाड लोकरीचा स्वेटर विणून द्यायची, तो पाणी पिऊन गुडघ्यापर्यंत लोंबायचा. आठवडाभर जमिनीखाली, शनिवारी दुपारी वर, गोलमध्ये. पुढे शेजारच्या मोठ्या शहराच्या क्लबने त्याला घेतलं. खाण अर्धी सुटली, पूर्ण कधीच सुटली नाही. एकदा देशाच्या टीमकडून बोलावणंही आलं, पण राखीव म्हणून. नवा कोट घालून तो आगगाडीने गेला, सबंध सामना बाकावर बसला आणि आगगाडीने परत आला. बायकोने विचारलं, कसं झालं? म्हणाला, "कोट उबदार आहे."

ही गोष्ट सांगताना साहेब इतके हसायचे की पाइप विझायचा. मला हसू येत नसे. उन्हाने पांढऱ्या पडलेल्या त्या मैदानावर बसून मी पावसात भिजलेलं ते गाव बघायचो आणि मला वाटायचं, हा माणूस आपल्यातलाच. परमुलखात नसला तरी जमिनीखालीच होता की तो. शनिवारी वर यायचा, जसे आम्ही शुक्रवारी.

पहिल्या सामन्यात मी सात गोल खाल्ले. दुसऱ्यात तीन. तिसऱ्यात एक, आणि आम्ही जिंकलो. वर्गीसने त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली. पाचव्या सामन्यात मी एक पेनल्टी अडवली. कशी ते मलाही सांगता येणार नाही. मी चेंडू सोडून मारणाऱ्याच्या कंबरेकडे बघितलं, कबड्डीत चढाईवाल्याकडे बघतात तसं, आणि ती जिकडे वळली तिकडे पडलो. मेसमध्ये त्या दिवशी केरळची मंडळी मला 'गोली, गोली' म्हणून हाका मारत होती. दत्तारामही कुणालातरी सांगताना मी ऐकलं, "आमच्या खोलीतला हाय तो."

पहिल्या चारांत येऊन आम्ही उपांत्य फेरीत गेलो. वर्कशॉपची टीम तिथवर कधी गेली नव्हती. आठवडाभर शेडमध्ये दुसरा विषय नव्हता. अरबी, पठाण, मल्याळी, सगळे माझ्या मशीनपाशी थांबून हुरूप देऊन जायचे. "यल्ला, गोली, इंशाल्ला."

त्या शुक्रवारी पाऊस झाला. इथे वर्षातून चार-पाचदा पडतो तसा, बारीक, तासभर. पण त्या मिठाच्या जमिनीवर तेवढा पुरतो. वरचा पापुद्रा साबणासारखा होतो. सामना एक-एक बरोबरीत होता. शेवटची पाच मिनिटं उरली होती. समोरून एक चेंडू आला. मारलेलाही नव्हता धड. कुणाच्या तरी बुटाला लागून, तीस पावलांवरून, रांगत रांगत माझ्याकडे आला. एखादं लहान मूलही उचलून घेईल असा. मी वाकलो. आणि त्या एका क्षणी मान वर करून बघितलं, चेंडू कुणाकडे टाकायचा म्हणून. वर्गीस उजवीकडे मोकळा दिसला. हात खाली होते. हातांमागे काही नव्हतं, पाय फाकलेले होते.

चेंडू हातांना ओला, थंड लागला. एवढंच आठवतं. मग मागे वळलो तेव्हा तो रेषेपलीकडे जाऊन आपोआप थांबला होता.

मैदानावर कुणी ओरडलंही नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. समोरच्या टीमलाही आनंद करायला थोडा वेळ लागला. सामना संपल्यावर वर्गीसने बूट काढले, हातात घेतले आणि चिखलातून अनवाणी लॉरीकडे चालत गेला. लॉरीत माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या. समोरच्या फळीवर मात्र माणसं एकमेकांच्या मांडीवर बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लेथच्या पत्र्यावर खडूने एक चित्र काढलेलं होतं. दोन फाकलेले पाय, मध्ये चेंडू, आणि खाली 'गेट' असं लिहिलेलं. मी ते पुसलं नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. पुसलं तर मला लागलं हे त्यांना कळलं असतं. खरं म्हणजे ते सगळ्यांना माहीत होतंच. मी शाफ्ट लावला, टूल लावलं, काम सुरू केलं. दिवसभर ते चित्र माझ्या उजव्या कोपरापाशी होतं. मेसमध्ये ताट घेऊन गेलो की रांगेतलं कुणीतरी पाय फाकून उभं राहायचं. वर्गीस स्टोअरच्या खिडकीतून माझ्यासमोर ड्रिल आणि टूल सरकवायचा, मान वर न करता. दत्ताराम तेवढा एकटा नेहमीसारखा बोलत होता. "झालं गेलं. आता सोड तो नाद. तू टर्नर हायस, टर्नर ऱ्हा."

मी जवळजवळ ठरवलं होतं. अजून एक सामना उरला होता, उपांत्य फेरीत हरलेल्या दोन टीमचा, तिसऱ्या नंबरासाठी. त्याला काही अर्थ नसतो. कुणी बघायला येत नाही. फर्नांडिस नव्हताच, पण कुणालाही उभं केलं असतं तरी चाललं असतं.

मंगळवारी साहेब आले. चित्राकडे बघितलं. पाइप काढून हातात धरला.

"हे कुणी काढलं?"

"माहीत नाही, साहेब."

"पुसलं का नाहीस?"

त्यांनी मला मशीन बंद करायला सांगितलं आणि शेडबाहेर नेलं. तिथे एका जुन्या गिअरबॉक्सवर आम्ही दोघे बसलो. साहेबांनी मला आतापर्यंत न सांगितलेली विलची गोष्ट सांगितली.

कपचा सामना होता. उपांत्य फेरी. सबंध शहर मैदानात लोटलेलं. पाऊस. शेवटची काही मिनिटं, बरोबरी. एक साधा उंच चेंडू आला, विलने तो सहज झेलला. जवळ कुणी नव्हतं. कुणी धडकसुद्धा मारली नाही. चेंडू त्याच्या ओल्या लोकरीवरून साबणासारखा घसरला, मांडीवर पडला आणि मागे गेला. क्लब पुन्हा कधी तिथवर पोचला नाही. सोमवारी पहाटे विल खाणीत गेला. खाली उतरायच्या पिंजऱ्यात वीस माणसं अंगाला अंग लावून उभी राहतात. त्या दिवशी त्याच्या अंगाला कुणाचं अंग लागलं नाही. एवढ्याशा पिंजऱ्यात माणसांनी जागा कशी केली ते देव जाणे. त्याची बायको खाटकाकडे गेली. दुकान बायकांनी भरलेलं होतं, तिला बघून सगळ्या गप्प झाल्या. तिने रोजच्यापेक्षा मोठ्या आवाजात रोजचंच मटण मागितलं आणि बाहेर पडली.

"मग?" मी विचारलं.

"मग पुढचा शनिवार आला," साहेब म्हणाले. "आणि तो गेला. त्याच फाटकातून, त्याच लोकांमधून. गोलमध्ये उभा राहिला. आणि त्या दिवशी त्याने एकही चेंडू जाऊ दिला नाही. एकही नाही. शेवटी लोकांनी टोप्या उडवल्या."

मी उठलो, आत गेलो आणि काम सुरू केलं. सुट्टी झाल्यावर स्टोअरच्या खिडकीपाशी गेलो. वर्गीस वहीत काहीतरी लिहीत होता.

"शुक्रवार को मैं आएगा," मी म्हणालो.

त्याने वर बघितलं नाही. "तुम्हारी मर्जी."

शुक्रवारी लॉरीत आम्ही नऊ जण चढलो. दोघं आलेच नाहीत. वर्गीस आला होता. कॅप्टनला यावंच लागतं. बघायला साताठ माणसं असतील. त्यात साहेब होते, माझ्या गोलच्या मागे, कमरेवर हात ठेवून उभे. ऊन होतं, वारा होता, जमीन वाळून पुन्हा कडक झाली होती.

नऊ जणांनी अकरांशी खेळायचं म्हणजे चेंडू सतत आमच्याकडेच. मी किती चेंडू अडवले ते मोजलं नाही. पडलो की उठत होतो, आणि उठलो की पुन्हा पडत होतो. एका झेपेत डाव्या हाताची अनामिका दगडावर आपटली आणि उलटी वाकली. मी ती सरळ करून बघितली, ती सरळ झाली नाही. खिशातल्या फडक्याची चिंधी काढून शेजारच्या बोटाला बांधली. साहेब मागून ओरडले, "बाहेर ये!" मी मान हलवली. पहिला गोल गेला तेव्हा तिघे एकदम माझ्या अंगावर आले होते, तो कुणालाच अडवता आला नसता. मध्ये आम्हीही एक केला. दुसरा गेला तो मात्र माझ्यामुळे. उंच चेंडू होता, मी एक पाऊल उशिरा निघालो. दोन-एक. आम्ही हरलो.

मी खांबाला टेकून बसलो. बोट आता सुजून काळं पडायला लागलं होतं. साहेब येऊन शेजारी बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

"साहेब, तुमच्या वडिलांनी एकही जाऊ दिला नव्हता. माझ्याकडून दोन गेले. त्यातला एक माझाच."

ते पाइप भरत होते. भरता भरता थांबले.

"चार गेले," ते म्हणाले.

"काय?"

"विलच्या हातून. त्या शनिवारी. चार गोल. लोकांनी टोप्या उडवल्या नाहीत. त्याला टीममधून काढलं. वर्षभर तो क्लबच्या दुसऱ्या टीममध्ये खेळला, बुधवारी दुपारी, पंधरा-वीस माणसांपुढे. मग पहिल्या टीमचा गोलकीपर जखमी झाला तेव्हा त्याला परत घेतलं. त्यानंतर तो लढाईवर गेला, आला, आणि पुन्हा खेळला. पण त्या शनिवारी चार गेले."

मला राग आला. एवढ्या मोठ्या साहेबांवर येऊ नये तसा आला. "मग मला खोटं का सांगितलंत?"

"खरं सांगितलं असतं तर आज आला असतास?"

मी विचार केला. समोर मैदानावर वर्गीस एकटाच कोपऱ्यातल्या काठ्या उपटत होता.

"आलो असतो, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हो," ते म्हणाले. "पण ते मला मंगळवारी माहीत नव्हतं."

दवाखान्यात हाडाला पट्टी लागली. तीन आठवडे मला मशीनवर उभं राहता आलं नाही. साहेबांनी मला तयार माल तपासायच्या टेबलावर बसवलं, मायक्रोमीटर घेऊन. दत्ताराम महिनाभर बोलत राहिला आणि महिनाभर माझे कपडेही धूत राहिला. माझ्या लेथवरचं ते खडूचं चित्र मी परत आलो तेव्हा पुसलेलं होतं. कुणी पुसलं ते विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात साहेब निवृत्त होऊन गेले. पुढच्या हिवाळ्यात फर्नांडिस परत आला, आणि तो माझ्याहून चांगला गोलकीपर होता. हे मी आज मोठ्या मनाने म्हणत नाही, तेव्हाही दिसत होतं. मी राखीव. सबंध हंगाम मी सरावाला रोज गेलो आणि शुक्रवारी रेषेबाहेर बसलो. वर्गीसने एकदा विचारलं, "तुमको बुरा नहीं लगता?" मी म्हणालो, "लगता है." पाय मुरगळल्याने त्या दिवशी तोही बाहेरच होता. तो माझ्याशेजारी बसला आणि आम्ही दोघांनी मिळून फर्नांडिसला ओरडून ओरडून सामना संपवला. मग फर्नांडिसला अस्करच्या बाजूला मोठी नोकरी लागली आणि तो गेला. पाइपांच्या त्या चौकटीत मी परत उभा राहिलो तेव्हा मला कुणी काही शिकवलं नाही. तेव्हापासून तिथेच आहे. वय चाळिशीपार गेलं, वर्गीस आता खेळत नाही, नुसता ओरडतो, आणि मैदानाची एक कड कुणीतरी नव्या गॅरेजसाठी तोडून घेतली आहे.

कधीकधी वाटतं, त्या काळच्या त्या गोलकीपरची कारकीर्द म्हणजे नक्की काय? चषक नाही, देशाकडून खेळल्याची टोपी नाही, एक कोट आणि बाकावरची दुपार. तरी तो माणूस पोटासाठी जमिनीखाली आणि हौसेसाठी गोलमध्ये अशी उभी हयात टिकला. साहेबांना त्याच्याबद्दल सांगताना कधी कीव आली नाही. मलाही येत नाही.

तीन वर्षांपूर्वी फॅमिली व्हिसा मिळाला आणि सुनंदा आमच्या मुलीला घेऊन इथे आली. ईसा टाउनला दोन खोल्या आहेत. मुलगी तिथल्याच शाळेत जाते, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. सुनंदाने मैदान कधी पाहिलं नव्हतं. "मोठी माणसं बॉलमागे पळतात, ते काय बघायचं," असं तिचं म्हणणं. या हंगामात पहिल्याच शुक्रवारी मात्र दोघी आल्या. मैदानाच्या कडेला चादर टाकून, डोक्यावर पदर घेऊन ती बसली होती. मी तिच्याकडे न बघण्याचा फार प्रयत्न केला.

अर्ध्या तासाने माझ्या हातून एक गेला. खाली येणारा, साधा चेंडू. पोहोचायला मला उशीर झाला. मैदानाच्या कडेने कुणीतरी हसलं. मी चेंडू मागून आणला, मध्यावर लाथाडला आणि जागेवर येऊन उभा राहिलो. पुढे एकही गेला नाही, पण आम्ही एकाने हरलो.

सामना संपल्यावर मी त्यांच्यापाशी गेलो. मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट वॉज सो ईझी!"

"हो," मी म्हणालो. "सोपाच होता."

सुनंदाने चादर झटकली, घडी घातली, थर्मासचं झाकण लावलं. माझ्या सोललेल्या कोपराकडे तिने एकदा बघितलं.

"पुढच्या शुक्रवारी किती वाजता असतो?"

"चारला."

"मग जेवण बाराला उरकू," ती म्हणाली. "भरल्या पोटी तुम्हाला वाकता येत नाही."